चेनसॉची सुरक्षा पँट आणि हेल्मेट: ठाण्याच्या उकाड्यात नऊ महिने

सोसायट्यांमधली झाडं छाटायची, वठलेली किंवा कललेली उतरवायची, हे माझं काम. घोडबंदर रोड, कोलशेत, पाचपाखाडी, कधी विटाव्यावरून पुढे ऐरोली. आम्ही चौघं आहोत. पंधरा वर्षं जीन्स, बूट आणि डोक्याला रुमाल एवढ्यावरच निभावलं. फेब्रुवारीत चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, चालवताना घालायची एक सुरक्षा पँट आणि तोंडावर जाळी व कानबंद जोडलेलं हेल्मेट घेतलं. दोन्हीला मिळून साडेतेरा हजार गेले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर लिहितोय.

आधी पँटबद्दल, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. साखळीनं ती कापलीच जाणार नाही असं लोकांना वाटतं. तसं नाही. वरचं कापड फाटतं, आतल्या थरांमधले लांब धागे साखळीबरोबर ओढले जातात, ते मशीनच्या चक्रात गुंततात आणि साखळी जागीच अडकते. लेबलवर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर साखळीवेगापर्यंत चाचणी झालेली, वर्ग २ म्हणजे २४ मीटर. माझी वर्ग १ ची, फक्त पुढून संरक्षण देणारी आहे. मशीन बॅटरीचं किंवा विजेचं असेल तर मात्र या पँटवर विसंबू नका. त्या मोटरचा जोर असा असतो की धागे गुंतूनही ती फिरत राहू शकते.

जुलैत पाचपाखाडीला गुलमोहराची फांदी कंपाउंडच्या भिंतीवर आडवी झाली होती. पाऊस भुरभुरत होता. काप पूर्ण झाला, मी थ्रॉटलवरचं बोट काढलं आणि साखळी थांबायच्या आत वळून एक पाऊल टाकलं. बूट ओल्या पाल्यावरून सरकला आणि बारचं, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं, टोक डाव्या मांडीवर आलं. आवाज घुसमटला, मशीन बंद. मांडीवर पांढऱ्या धाग्यांचा पुंजका, आणि आत कातडीवर नुसता लाल वळ. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मुलीचा फोन वाजत होता, तो उचलायला हात उठेना.

मग कव्हर उघडून अर्धा तास पक्कडीनं धागे काढले. पँट गेली ती गेलीच. ती शिवून पुन्हा वापरू नका. शिलाई आतल्या थरातून गेली की धागे जखडले जातात आणि ऐन वेळी बाहेर ओढले जात नाहीत. दुसरी पँट त्याच आठवड्यात मागवली. तेव्हापासून आमच्यात एक सवय पक्की आहे: काप संपला की पाऊल उचलण्याआधी पुढचा दांडा ढकलून चेनब्रेक, म्हणजे साखळी अडवणारा ब्रेक, लावायचा. दोन पावलं जायचं असलं तरी.

खरा त्रास उकाड्याचा. एप्रिल-मेमध्ये पँट घालून दुपारी उभंही राहवत नाही. आमच्यातले सगळ्यात जुने मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "शेठ, मशीननं नाही, ह्या पँटनं मरेन मी." त्यांचं चूक नव्हतं. पण उपाय पँट काढणं नाही, वेळ बदलणं आहे. सकाळी साडेसहाला मशीन सुरू केली तर सोसायटी झोपेतून उठून खाली येते, म्हणून सात ते आठ बिनआवाजाची कामं करतो: गाड्या हलवणं, लोकांना अडवायची पट्टी बांधणं, दोर चढवणं. आठ ते अकरा फक्त कापणी, दर वीस मिनिटांनी पाणी. अकरानंतर पँट उतरवून टेम्पो भरणं. दिवसाला थोडं काम कमी होतं, ते मी दरात धरतो.

पावसाळ्यात पँट वाळायला दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो. पंख्याखाली उलटी टांगा. ब्लीच लावू नका, धागे कमजोर होतात.

हेल्मेटवर मी खूश आहे. जाळी पावसात धुरकटत नाही, भुसा डोळ्यात जात नाही. मशीनचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. पूर्वी संध्याकाळी घरी टीव्हीचा आवाज मोठा लागायचा, आता लागत नाही. अडचण एकच, कान झाकले की "थांब!" ऐकू येत नाही. म्हणून चालू मशीनच्या मागून कुणीही जवळ जायचं नाही. समोर येऊन दोन्ही हात वर करायचे, आणि कापणाऱ्यानं प्रत्येक कापानंतर नजर वर उचलायची.

वरून फांदी आली तर मात्र यातलं काही वाचवत नाही. पावसानं भिजलेला पर्जन्यवृक्ष दिसतो त्याहून कितीतरी जड असतो, आणि आतली ढोली बाहेरून कळत नाही. आम्ही कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बुंधा ठोकून ऐकतो. पोकळ वाजला तर कुणी चढत नाही, क्रेन मागवतो. झाड उभं पाडायचं तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको, पण सोसायटीत एवढी जागा मिळते कुठे? त्यामुळे दोरानं तुकड्यातुकड्यानं उतरवतो. वागळे इस्टेटच्या एका मोकळ्या प्लॉटवर सुबाभूळ पाडली तेव्हा पडायच्या बाजूची खाच बुंध्याच्या पाव भागाएवढीच घेतली आणि मागून कापताना जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची पट्टी बिजागरीसारखी ठेवली. ही पट्टी कापून टाकली की झाड कुठे जाईल त्याचा नेम नाही. पळायची वाट मागे तिरकी, आणि ती मशीन सुरू करण्याआधीच साफ केलेली.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कागद आणि जवळून तार जात असेल तर महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री, दोन्ही हाताशी आल्याशिवाय मी टेम्पोतून मशीन उतरवत नाही. कमिटीचे काका कितीही घाई करोत. फांदीवर घरटं असेल तर तीही थांबते, पिल्लं उडेपर्यंत.

घेणार असाल तर पँट कमरेला एक साइज मोठी घ्या आणि दुकानातच वाकून, गुडघ्यावर बसून बघा. माझी पहिली वाकलं की घोट्यावरून चार बोटं वर जायची. चढणाऱ्या पोरासाठी सगळीकडून संरक्षण असलेली सी प्रकारची हवी. तिचं वजन आणि उकाडा दोन्ही जास्त, म्हणून ती अजून घेतलेली नाही. तोवर तो वर हातकरवतच नेतो.