कोल्हापूरच्या राजारामपुरीतला चटणीचा डंक: परदेशी जाणाऱ्यांनी जरूर जावं

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका पंपाच्या कंपनीत इंटर्नशिप लागली, तशी आईनं पहिली यादी काढली ती मिरचीची. व्हिसाची कागदं नंतर. आमची वर्षाची कांदा-लसूण चटणी याच डंकावर (मिरची-मसाला कुटायच्या गिरणीवर) होते, पण यंदा मी स्वतः उभा राहून करून घेतली.

माल आपला, कुटाई त्यांची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी; धणे, तीळ, खोबरं घरून भाजून नेलं. डंकावरच्या मावशींनी तळलेला कांदा बोटांत चुरून बघितला आणि परत दिला. "लांब न्यायची हाय न्हवं? मग कुरकुरीत करून आणा. ओलसर ऱ्हायला की बुरा येतोय." दुसरं गिऱ्हाईक भांडलं असतं. आई मुकाट्यानं घरी जाऊन परत कढई चढवून आली. खसखस टाकायच्या आधीही विचारलं, कुठला देश? दुबई-सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, जर्मनीत चालते. हे आम्हाला ट्रॅव्हलवाल्यानंही सांगितलं नव्हतं.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या व्हॅक्यूम पिशव्या, वरून आणखी एक जाड पिशवी. चटणीला तेल सुटतंच, पण बॅगेत एका शर्टाला डाग नाही. (युरोपात बाहेरून दुधाचे, मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे कोल्हापुरातच राहिले.)

पोचलो शनिवारी रात्री. रविवारी तिथं झाडून सगळी किराणा दुकानं बंद! आजरा घनसाळचा भात, शेजारच्या तुर्की पोराचं सूर्यफूल तेल आणि ही चटणी, यावर दिवस निघाला. कंपनीत साडेअकरालाच जेवण, त्यात उकडलेला बटाटा न् पांचट सॉस. मी डबी उघडली. टेस्ट बेंचवरचा (पंप तपासायच्या जागेवरचा) फोरमन तोवर कामाशिवाय एक शब्द बोलत नव्हता. त्यानं काट्याच्या टोकावर घेऊन चाखली, कानापर्यंत लाल झाला, पाणी प्याला आणि विचारलं, लसूण कच्चा घालता की भाजून? नंतर मला प्रेशर गेज लावायलाही त्यानंच शिकवलं.

आता तक्रार. पिशवीवर ना तारीख, ना आत काय आहे त्याची यादी. विमानतळावर कुणी विचारलं तर काय दाखवायचं? मी इंग्रजीत चिठ्ठी लिहून आत ठेवली. एप्रिल-मे मध्ये गर्दी अशी की नंबर लावून शिंकत बसायचं. आणि 'मध्यम तिखट' हे त्यांचं मध्यम आहे, बाहेरच्यांनी जपून.

वापरताना तेल तापलं की शेगडी बंद करून मगच चटणी घाला. तिथल्या खोल्यांत धुराचा अलार्म असतो, ठसका उठला तर अख्खी बिल्डिंग खाली येईल.

व्हॅक्यूमचे पैसे वेगळे पडतात आणि ते आधी सांगावं लागतं, नाहीतर रोजच्यासारखी साध्या पिशवीत गाठ मारून हातात देतात.