गाडी आयडलला नाचायची म्हणून अकरा हजार गेले

माझी गाडी 2011 ची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची. मे महिन्यात तिला सिग्नलला उभं राहिलं की नाचायची सवय लागली. गियर न्यूट्रलला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, म्हणजे आयडलला, तरी आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा 800 वरून 1500 वर जायचा आणि परत खाली यायचा. गाडी धावत असताना काही तक्रार नाही. स्वारगेटच्या सिग्नलला बाजूचा रिक्षावाला आपल्याकडे बघतोय एवढीच काय ती लाज.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. आणखी एक गोष्ट मी त्याला आपणहून सांगितली होती: सकाळी गाडी चालू करायच्या आधी ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. तो म्हणाला, "सर, त्याचा याच्याशी संबंध नाही." स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच धरली आणि निकाल दिला: इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खराब. नवा तीस हजारांचा, पण "आपला माणूस आहे, काढून रिपेअर करून आणतो."

दोन दिवसांनी गाडी मिळाली. प्लग 2400, थ्रॉटल बॉडीची सफाई 1200, आयडल व्हॉल्व्ह 4000, इसीएम दुरुस्ती 11,000. एकूण 18,600. बिल म्हणजे एका वहीचं फाडलेलं पान, वर शिक्का. जीएसटी क्रमांक नाही. पैसे मी यूपीआयने दिले, हे एक शहाणपण नकळत झालं. जुने पार्ट मागितले तर एका पिशवीत चार काळे प्लग आणि एक व्हॉल्व्ह हातात दिला. आता ते माझ्याच गाडीचे की कोणाचे, मला काय कळणार? पण गाडी मात्र गपगार चालत होती. काटा 800 वर खिळल्यासारखा. मी त्याला चहा पाजून आलो.

पाचव्या दिवशी साताऱ्याला निघालो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत काटा पुन्हा नाचायला लागला.

साताऱ्यात काकांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. त्यांनी गाडी बंद करायला लावली, जेवून या म्हणाले. परत आल्यावर चावी न लावता ब्रेक दाबायला सांगितला. पहिल्याच दाबाला पेडल कडक. "दादा, चांगल्या गाडीत पहिले एक-दोन दाब मऊ जातात. आत व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, साठलेला असतो. तुमचा निघून गेलाय." मग इंजिन चालू करून मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) ब्रेक बूस्टरकडे (त्याच व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे) जाणारा जाड रबरी पाइप चिंधी गुंडाळून पक्कडीने दाबला. काटा जागेवर बसला. सोडला, नाचायला लागला. (हे गाडी उभी असतानाच करायचं, पाइप दाबलेला असताना ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही.)

कारण त्यांनी बॉनेटवर बोटाने रेघा मारत समजावलं. पाइपच्या भेगेतून जादा हवा आत शिरते, रेस वाढते. कॉम्प्युटर बघतो की अ‍ॅक्सिलरेटर सुटलेला आहे आणि इंजिन तरी जोरात फिरतंय, म्हणजे गाडी उतारावर असणार. तो पेट्रोल तोडतो. काटा पडतो. इंजिन बंद पडू नये म्हणून परत पेट्रोल सोडतो. काटा चढतो. कॉम्प्युटर बिचारा आपलं काम चोख करत होता!

पाइप काढला तेव्हा मागच्या वळणावर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. नवी कोरी टेप, फक्त उष्णतेने सुटून लोंबत होती. मी बघतच राहिलो. त्या पुण्याच्या माणसाचं निदान चुकलंच नव्हतं. त्याला दोष सापडला होता, त्याने तो टेपने झाकला होता आणि मला कॉम्प्युटर विकला होता. तो पाइपही साधासुधा नाही, ब्रेकचा. टेप खंबाटकी घाटाच्या उतारावर सुटली असती तर?

इसीएमचं काय केलं हेही लगेच कळलं. बॅटरीशेजारच्या इसीएमच्या डब्यावर, त्याच्या एका बोल्टच्या डोक्यावरच, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं होतं. सुकलेलं, अखंड. ते न फोडता डबा निघणं शक्य नाही. मिस्त्री हसले, मी फोटो काढले.

नवा पाइप, त्यातल्या व्हॉल्व्हसकट, 650 रुपये, मजुरी 200. तेव्हापासून काटा हललेला नाही.

तुमच्या गाडीचं असं होत असेल तर आधी रबरी पाइप बघायला सांगा, तेही गरम इंजिनवर, तुमच्यासमोर. आणि कोणी इसीएमचं नाव काढलं तर स्कॅनरवरच्या कोडचा फोटो घ्या, डबा काढताना तिथे उभे राहा. प्लगवर काम सुरू होण्याआधीच पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे पिशवीतले प्लग कोणाचे ते कळेल. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. परवा गॅरेजमधून निरोप आला की पाच हजार परत करतो, तक्रार मागे घ्या. मी कुंभारणीच्या घराचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर नाही.