पित्तनळीतला खडा: आधी ईआरसीपी, की सगळं एकाच ऑपरेशनमध्ये?

पित्ताशयातला खडा घसरून पित्तनळीत अडकला की दोन वाटा उरतात. आधी ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आणि नळीचं तोंड आतून कापून, नळी मोकळी करायची नि नंतर पित्ताशय काढायचं, किंवा लॅप्रोस्कोपीत एकाच भुलीखाली दोन्ही उरकायचं. आमच्या घरात आईचं पहिल्या वाटेने झालं, धाकट्या भावाचं दुसऱ्या. दोन्हीकडे संमतिपत्रावर सही माझी.

थंडी वाजून ताप आणि वाढती कावीळ असेल तर तुलना करत बसू नये, ईआरसीपीच. आईचं तसंच होतं. नळीचं तोंड आतून कापायची ही रीत १९७४पासूनची, चांगली मुरलेली. धोका मुख्यतः स्वादुपिंडाला सूज येण्याचा. शंभरात साधारण तीन ते दहा जणांना येते, बहुतेकांची सौम्य. गुदद्वारातून दिलेल्या डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनने ती शक्यता कमी होते, तेवढं आधी विचारून ठेवा. ऑपरेशनच्या वाटेलाही पित्त गळण्याची भीती आहेच. जाणत्या हातांत दोन्ही वाटांचे निकाल जवळपास सारखे येतात, असं अभ्यास सांगतात.

मग माझं मन कशाने वळलं? स्टेंटने. नळी साफ झाल्यावरही खबरदारी म्हणून आईच्या नळीत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक पोकळ नळी, ठेवला होता. प्रत्येकाला ठेवतातच असं नाही, पण ठेवला की तो काढावा लागतो. पित्ताशय निघालं, टाके सुकले, आई पोळ्या लाटायला लागली, आणि आता पुन्हा उपाशीपोटी शहरात चला म्हटल्यावर तिचं एकच, “मला काही होत नाहीये.” आधी पाहुण्यांचं लग्न, मग गौरी-गणपती. इकडे माझ्या डोक्यात भुंगा, कारण तीन महिन्यांच्या आसपास हे स्टेंट गाळाने तुंबायला लागतात आणि ताप परत येऊ शकतो. काढायला मिनिटं लागली, पण त्यासाठी गाडी, रजा, नव्याने तपासण्या आणि विम्याचं वेगळं प्रकरण. दाखल न होता केलेल्या कामाचे पैसे मिळवताना विमेवाल्यांनी जो घोळ घातला, तो सांगत नाही.

भावाला ताप नव्हता, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमध्ये, नळी चांगली रुंद दिसत होती आणि सर्जनचा या कामात हात बसलेला होता. एकदा भूल, एकदा दाखल, एक बिल. नळीच्या तोंडाची झडपही न कापता शाबूत राहिली. तरुण माणसाला हे बरं, असं मला वाटतं.

अर्थात नळी बारीक असेल, वय झालेलं असेल, हृदयाचा त्रास असेल तर माझं ऐकू नका. आणि गावात असा सर्जनच नसेल तर प्रश्नच मिटला. ईआरसीपी करणारे त्या मानाने लवकर सापडतात. फक्त स्टेंट ठेवलाच, तर तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि घरच्यांपैकी कोण घेऊन जाणार तेही तिथेच ठरवा.