कलम म्हणून गळ्यात मारलेलं बी-रोप

पहिला पाऊस पडला की हातगाडीवर मोगरा, जास्वंद, सोनचाफा भरून रोपवाले गल्लोगल्ली फिरू लागतात. "ताई, एकदा लावा, बारा महिने फुलं बघा." ही झाडं खरंच फार लाड मागत नाहीत, म्हणून लोक विश्वासाने घेतात. मोगऱ्याचं 'बारा महिने' मात्र तिथेच खोटं ठरतं. त्याचा मुख्य बहर उन्हाळ्यातला.

मोगरा-जास्वंदीत फसवतात ते मातीच्या गोळ्याने. कळ्यांनी भरलेली फांदी तोडायची, तिच्या बुडाशी चिकणमातीचा गच्च गोळा वळायचा आणि वर काळी पिशवी चढवायची. आठवडाभर कळ्या उमलतातही, कारण फांदीतलं पाणी तेवढं पुरतं आणि पावसाळी दमट हवेत पानं लवकर सुकत नाहीत. मग सगळं माना टाकतं. घेणाऱ्याला वाटतं, आपलंच पाणी जास्त झालं. तो गोळा अर्धा तास बादलीत भिजवून बघा. माती विरघळते आणि हातात उरते ती तिरका काप असलेली काडी. मुळाचा एक तंतू नाही.

नखाने साल खरवडून बघण्याचा इथे उपयोग नाही, तोडलेल्या फांदीची सालही आतून हिरवीच असते. खोड बुंध्याशी धरून हलकेच उचला. मुळं असतील तर मातीही सोबत उचलली जाते. नुसती काडी असेल तर ती सैल होऊन डुलते.

सोनचाफ्यातली फसवणूक जास्त वाईट, कारण ती कळेपर्यंत वर्षं जातात. बियांपासून केलेल्या चाफ्याला फूल यायला सात-आठ वर्षं लागू शकतात, कलमाला, म्हणजे मुळं असलेल्या खुंटावर फुलणाऱ्या झाडाची काडी जोडून केलेल्या रोपाला, वर्ष-दोन वर्षांत येतं. म्हणून कलम महाग. बी-रोपाच्या खोडावर नुसती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ते कलम म्हणून खपवतात. विक्रेत्यासमोरच पट्टी सोडवायला सांगा. विक्रीला आलेल्या कलमाचा सांधा जुळलेला असतो, काही बिघडत नाही. खुंटाच्या चिरेत बसवलेल्या पाचरीचा व्रण दिसायला हवा. पट्टीखाली एकसंध गुळगुळीत खोड निघालं तर ते कलम नाही.

सांधा खरा असूनही फसायला होतं, हे फार जणांना माहीत नसतं. वरची कलमकाडी मेलेली असते आणि दिसणारी पानं सांध्याखालून फुटलेल्या खुंटाची असतात. म्हणजे पुन्हा बी-रोपच. सगळी हिरवी वाढ सांध्याच्या वर हवी. लावतानाही सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवा, खालचे फुटवे दिसताच काढा. पट्टी राहू दिली तर ती खोडात रुतते.

मोगऱ्याची किंवा जास्वंदीची बिनमुळांची काडी पदरात पडलीच असेल आणि ती अजून टवटवीत असेल, तर कळ्या खुडा, शेंड्याची दोन पानं ठेवा, पेराखाली नवा काप घेऊन वीतभर काडी निम्मी वाळू, निम्म्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) सावलीत खोचा. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरण्याची चांगली शक्यता असते. चाफ्याची काडी अशी सहजी लागत नाही.

बिलावर 'सोनचाफा कलम' असं लिहून घ्या आणि घेतल्या दिवशीच सांध्याचा फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि बी-रोपाचा चाफा तर त्यानंतरही फुललेला नसतो. हातगाडीवाला बिल देत नाही, म्हणून चाफा तरी पत्ता असलेल्या रोपवाटिकेतूनच आणा.