पाढे आणि वाचन एकाच तासात: नारायण पेठेतला बाईंचा क्लास

शाळेच्या गेटवर कोणी ना कोणी विचारतंच की पाढ्यांसाठी क्लास कुठला चांगला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून चालत पाचेक मिनिटांवर, नारायण पेठेत एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हा क्लास आहे. बोर्ड नाही, जाहिरात नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, सगळे नुसतं बाईंचा क्लास म्हणतात. माझी मुलगी तिसरीत, सेमी इंग्रजीला. पाढे तिला येत होते, झोपेतून उठवलं तरी सहा साती बेचाळीस म्हणेल, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की गाडी अडलीच. आधी एका क्लासला घातलं होतं तिथे सगळा भर स्पीडवर, मिनिटात किती गुणाकार होतात, मग मेडल, मग पुढची लेव्हल. स्पीड वाढला खरा पण शाब्दिक उदाहरणं जिथल्या तिथे, कारण अडचण गुणाकाराची नव्हतीच, वाचलेलं कळत नव्हतं.

बाईंकडे पाढ्यांचा तास वेगळा आणि वाचनाचा वेगळा असं काही नाही. एकच छोटा उतारा, त्यावरच दोन्ही. पालकांना एकदा बसू देतात तेव्हा मी पाहिलेला उतारा सांगते. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथक उभं आहे, मिरवणूक सकाळी १० वाजता निघणार, ढोलांच्या ७ रांगा, प्रत्येक रांगेत ६ ढोल, मागे ९ ताशे, पुढे ३ ध्वज. मुलं आलटून पालटून मोठ्याने वाचतात, मग वही मिटायची आणि आपल्या शब्दांत सांगायचं की तिथे काय चाललंय, आणि हे सांगताना एकही आकडा वापरायचा नाही! कोण कुठे उभंय, पुढे काय, मागे काय, एवढंच. गणिताचं नाव नाही. ते चित्र डोळ्यासमोर आलं की मग बाई प्रश्न टाकतात, ढोल किती? एका मुलाने उताऱ्यातले सगळे आकडे बेरजेला घेतले, दहा वाजताचे दहासुद्धा, आणि पस्तीस सांगितलं. बाईंनी चूक म्हटलं नाही, पथक काढून दाखव म्हणाल्या. त्याने रांगा काढायला घेतल्या आणि तिसऱ्या रांगेपर्यंत त्याचं त्यालाच कळलं, सात सक बेचाळीस. पुढचा प्रश्न, एकूण वाद्यं किती? तर एका मुलीने विचारलं, बाई ध्वज वाद्य आहे का? मला विचाराल तर त्या तासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय एक्कावन्न येऊच शकत नाही, मग पाढे कितीही पाठ असोत.

एकूण दिसलं की बेरीज, प्रत्येकी दिसलं की गुणाकार, हे असले फॉर्म्युले बाई अजिबात देत नाहीत आणि ते मला फार पटलं. ४ पेट्यांत प्रत्येकी १२ आंबे, एकूण किती, इथे एकूण आहे तरी गुणाकार. ४८ आंबे ४ जणांना प्रत्येकी किती, इथे प्रत्येकी आहे तरी भागाकार. तिप्पट आणि तीनने जास्त यातला फरकपण असाच, वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय सुटत नाही.

पाठांतराला बाईंचा विरोध नाही हं, उलट बे एके बे पासून चालीत म्हणून घेतात. पण सोबत चिंचोके असतात. ७ रांगांत ६-६ चिंचोके पुठ्ठ्यावर मांडायचे आणि पुठ्ठा आडवा फिरवायचा, झाल्या ६ रांगांत ७-७. म्हणजे सात सक आणि सहा साती एकच. या हिशोबाने २ ते ९ च्या पाढ्यांत पहिल्या नऊ घरांपर्यंत पाहिलं आणि एकचं घर सोडलं तर ६४ गुणाकार दिसतात पण खरे वेगळे ३६ च आहेत, हे ऐकूनच मुलांचं अर्धं टेन्शन जातं. एखादा विसरला तर तोडायला शिकवतात, सात सक आठवत नाही तर पाच सक तीस आणि बे सक बारा, झाले बेचाळीस.

संख्या त्र्याहत्तर आणि सत्तर तीन अशी दोन्ही प्रकारे वाचून घेतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही दुसरी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण माझ्या मुलीला ऐकून लिहिताना ३७ चे ७३ व्हायचे ते यानेच कमी झालं, त्यामुळे माझं मत त्या पद्धतीच्या बाजूने. घरी वाचायला बाई किशोरचे जुने अंक सुचवतात, बालभारतीने ते ऑनलाइन फुकट ठेवलेत. होमवर्क एकच, एक गुणाकार देतात, समजा ४ × ६, आणि त्यावर मुलांनी स्वतः गोष्ट लिहून आणायची. आमच्याकडे आत्तापर्यंत पीएमपी बसच्या सीटांपासून दिवाळीच्या करंज्यांपर्यंत सगळं येऊन गेलंय.

आता न आवडलेलं. बॅच आधी आठ मुलांची होती ती आता बारावर गेलीये, मोठ्याने वाचायची पाळी प्रत्येकाला रोज मिळत नाही, हे बाईंना स्पष्ट सांगितलंय. इंग्रजी उतारे खूप कमी आहेत. सेमीवाल्यांना शाळेत गणिताचा पेपर इंग्रजीत असतो, तिथे ईच आणि अल्टुगेदर कळलं पाहिजे, त्याची तयारी आम्ही घरीच करून घेतो. पूर्ण इंग्रजी मीडियमच्या, मराठी वाचायला अडखळणाऱ्या मुलांना पहिला महिना जड जाईल. संध्याकाळी त्या भागात गाडी लावायचा विचारच करू नका, बस किंवा रिक्षाने जा.

फी महिन्याला १८०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस, तासभर. मे महिन्यात सुट्टी, तेव्हाची फी घेत नाहीत. दुसरी ते चौथी एवढंच घेतात, स्कॉलरशिपची तयारी हवी असेल तर ही जागा नाही. नवीन मुलं जूनमध्ये आणि दिवाळीनंतर घेतात, आणि आधी एक दिवस मुलाला बसवून बघता येतं, त्या दिवशी त्याचं मराठी वाचनाचं पुस्तक सोबत द्या, बाई आधी तेच वाचून घेतात.