शेवटच्या मिनिटाची शिट्टी: वाजवावी की राहू द्यावी?

शेवटच्या क्षणी फाऊल दिसला तर पंचांनी तो द्यावा की नाही? मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीची किंवा क्लबची बास्केटबॉल स्पर्धा भरवणाऱ्यांना हा प्रश्न पडतो तो नेमका फायनल संपल्यावर, भांडण लागल्यावर. यंदा तो आधीच पडावा म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी कोथरूडच्या एका मैदानावर मी टेबलवर स्कोअरशीट लिहीत होतो. मुलींची फायनल, ४७-४८, सहा सेकंद बाकी. पिछाडीवरच्या संघाची गार्ड (बॉल पुढे नेणारी खेळाडू) लेअपला, म्हणजे बास्केटजवळ जाऊन अलगद शॉट टाकायला, उडाली आणि मनगटावर बसलेल्या फटक्याचा आवाज टेबलपर्यंत आला. पंच चार पावलांवर. शिट्टी ओठांत, पण साहेब मूग गिळून गप्प. नंतर म्हणाले, "अहो, एवढ्याशा फटक्यावर मॅच कशी देऊन टाकू?" शीट माझ्यासमोरच होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच गार्डला बसलेल्या तशाच फटक्याला मी ‘पी’ लिहून शेजारी २ मांडले होते: पर्सनल फाऊल, दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायचे, एकेका गुणाचे शॉट). मॅच त्यांनी देऊन टाकलीच होती की, फक्त दुसऱ्या संघाला.

तरी "खेळू द्या" म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलंच बघा. १२ फेब्रुवारी २०२४, ह्यूस्टन. रॉकेट्स आणि निक्स १०३-१०३ बरोबरीत. रॉकेट्सच्या अ‍ॅरन हॉलिडेने लांबून बॉल फेकला, पंचांनी निक्सच्या जॅलन ब्रन्सनचा फाऊल दिला, घड्याळात ०.३ सेकंद. दोन फ्री थ्रो आत, रॉकेट्स १०५-१०३. सामन्यानंतर मुख्य पंचांनीच कबूल केलं की तो फाऊल द्यायला नको होता. निक्सची तक्रार एनबीएने फेटाळली. पंचाची नजर चुकली म्हणून निकाल फिरत नाही. तिथे तीन पंच असतात. आपल्याकडे दोन, त्यातला एक बहुतेक वेळा यजमान क्लबचाच जुना खेळाडू. त्यामुळे शंका असेल तर शिट्टी नको, हे मला मान्य आहे. पण मग ते पहिल्या मिनिटापासून हवं.

आता उलट बाजू. २८ जानेवारी २०२३, बोस्टन. बरोबरीत असताना लेकर्सचा लेब्रॉन जेम्स शेवटच्या क्षणी लेअपला गेला, बोस्टनच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, शिट्टी नाही. सामना जादा वेळेत गेला आणि लेकर्स १२५-१२१ हरले. तिथेही पंचांनी चूक मान्य केली. ह्यूस्टनच्या शिट्टीने सामना जागच्या जागी संपवला, बोस्टनच्या गप्प बसण्याने निदान जादा वेळेची पाच मिनिटं उरली, एवढा फरक खरा. पण "शेवटी देत नाहीत" हे एकदा कळलं की बचाव करणाऱ्याला मोकळं रान मिळतं, आणि मार खातो तो बास्केटकडे घुसण्याची हिंमत करणारा.

एनबीए २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी छापते. त्यात दिलेल्या शिट्ट्यांबरोबर न दिलेल्या शिट्ट्याही बरोबर-चूक म्हणून तपासतात. म्हणजे गप्प बसणं हासुद्धा निर्णयच.

उशिराची शिट्टी म्हणजे चोरी, असंही नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक फायनलमध्ये तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सला पाडल्याबद्दल फाऊल दिला गेला आणि त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकून अमेरिकेला ५०-४९ वर नेलं. त्या फाऊलबद्दल कोणी हुज्जत घालत नाही. रण पेटलं ते घड्याळावरून: शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला, अमेरिकेने रौप्यपदकं घेतलीच नाहीत. टेबलवर बसणारा म्हणून सांगतो, पंचाआधी टायमर सांभाळणारा माणूस नीट निवडा.

तिसरा मार्ग म्हणजे घड्याळ बंद करून लक्ष्यगुण ठरवणं: जो संघ आधी गाठेल तो जिंकला. २०२० च्या शिकागोतल्या ऑल-स्टार सामन्यात (एनबीएच्या निवडक स्टार खेळाडूंचा सामना) चौथ्या क्वार्टरला आघाडीच्या संघाच्या गुणांत २४ मिळवून लक्ष्य ठेवलं. वेळ थांबवायला केलेले मुद्दामचे फाऊल यात निरर्थक होतात, हा मोठा फायदा. पण तो सामना संपला कसा? अँथनी डेव्हिसच्या फ्री थ्रोवर, १५७-१५५. शिट्टी काही सुटली नाही. तरी वेळ कमी आणि संघ जास्त असतील तर थ्री-ऑन-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचा खेळ, घ्या: दहा मिनिटं किंवा २१ गुण.

पाच-पाचचा खेळ ठेवणार असाल तर माझं मत पहिल्या शिट्टीसारखीच शेवटची, याला. नुसता अंगाला अंग लागलं तर जाऊ द्या. शॉट बिघडला तर द्या, मग सहा सेकंद असोत की सहा मिनिटं. हे पंचांनी दोन्ही कॅप्टनना जंप बॉलच्या (सामना सुरू करणाऱ्या उडीच्या) आधी, टेबलसमोर उभं करून सांगावं. आम्ही यंदा तसं करणार आहोत. पंच बदललेत. ती गार्ड मात्र तीच आहे, आणि अजून उजवीकडूनच घुसते.