श्रेडओएस आणि एनवाइप : काही महिन्यांच्या वापरानंतर

जुने संगणक निकालात काढण्याआधी त्यांच्या डिस्क पुसायचं काम गेले काही महिने माझ्याकडे आहे. त्यासाठी श्रेडओएस वापरते. पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी ही छोटी लिनक्स प्रणाली. प्रत्यक्ष पुसण्याचं काम तिच्यातला एनवाइप करतो. त्याचा पूर्वज डीबॅन. त्याचं नाव आजही सुचवलं जातं, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे आणि फक्त यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, मशीन सुरू करणारी प्रणाली) असलेल्या मशीनवर ते सुरूच होत नाही.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी एनवाइपला पैकीच्या पैकी गुण. स्पेसबारने डिस्क निवडायची, पद्धत ठरवायची, मोठा एस दाबायचा. यादीत प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर दिसतो. तो डिस्कवरच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघितल्याशिवाय एस दाबू नका. एकाच मॉडेलच्या दोन डिस्क जोडलेल्या असतील तर फरक तेवढाच असतो.

मेनूत पस्तीस फेऱ्यांची, म्हणजे अख्ख्या डिस्कवर पस्तीस वेळा लिहिणारी, गुटमन पद्धत आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये त्या फेऱ्या सुचवल्या त्या तेव्हाच्या वेगवेगळ्या एन्कोडिंगच्या (डेटा नोंदवण्याच्या पद्धतींच्या) डिस्कसाठी. आजच्या डिस्कवर सगळ्या फेऱ्या करण्यात अर्थ नाही, असं पुढे त्यांनीच लिहिलं. १ टीबीच्या डिस्कला एक फेरी दोन-तीन तास घेते. पस्तीस म्हणजे साधारण तीन-चार दिवस. मी एकच फेरी देते आणि पडताळणी चालू ठेवते. शेवटी शून्यं भरली असतील तर हेक्सडंप (डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणारी आज्ञा) लावायचा: शून्यांची एक ओळ, खाली ‘पुढेही तेच’ सांगणारी एक चांदणी (*), मग थेट डिस्कचा शेवटचा पत्ता. मध्ये दुसरी एकही ओळ नको. अख्खी डिस्क वाचायला पुन्हा काही तास जातात, पण हा वेळ मी कधीच वाचवत नाही. डिस्कने खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) मात्र या वाचनात येत नाहीत आणि एनवाइपलाही दिसत नाहीत. त्यांची संख्या स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, बघा. ती शून्य नसेल तर डिस्कची स्वतःची एन्हान्स्ड सिक्युअर इरेज (आतून पुसण्याची सोय) चालवा.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांवर साठवणाऱ्या ड्राइव्हची, गोष्ट वेगळी, आणि इथे एनवाइपच्या यशाच्या संदेशावर विसंबू नये. एसएसडी प्रत्येक नवं लेखन वेगळ्या जागी करते आणि बाहेर सांगितलेल्या क्षमतेपेक्षा जास्त फ्लॅश आत बाळगते. वरून कितीही लिहिलं तरी जुना तुकडा एखाद्या चिपमध्ये राहू शकतो. म्हणून ड्राइव्हलाच स्वतःला पुसण्याचा आदेश द्यावा लागतो: साटा जोडणीची असेल तर एचडीपार्म या लिनक्स आज्ञेने, नव्या एनव्हीएमई जोडणीची असेल तर त्याच्या फॉरमॅट किंवा सॅनिटाइझने.

साटावर पहिला अडथळा म्हणजे ‘फ्रोझन’. बायोस सुरुवातीलाच ड्राइव्हचं कुलूप गोठवून ठेवतं, मग पुसण्याचा आदेश चालत नाही. मशीन सस्पेंड करून पुन्हा जागं केलं की बहुतेक वेळा ‘नॉट फ्रोझन’ दिसतं. आदेशाआधी तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो, तो लिहून ठेवा. मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह कुलूपबंदच राहते. यूएसबी केसमधून हा आदेश पुष्कळदा पोचत नाही, तेव्हा ड्राइव्ह थेट बोर्डला जोडा.

पण आदेश ‘यशस्वी’ आला म्हणजे झालं असंही नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी चिपा थेट वाचून पाहिल्या, तेव्हा एका ड्राइव्हने यश कळवूनही सगळा डेटा जागेवरच होता. म्हणून मी आधी पूर्ण ड्राइव्हवर यादृच्छिक डेटा भरते, मग आदेश देते, मग वाचते. भरलेलाच डेटा परत दिसला तर तो ड्राइव्ह बाहेर जात नाही. ही तपासणीसुद्धा चिपांच्या आतलं दाखवत नाही, हे खरंच. त्यामुळे माझ्या हातून सुरू होणारी प्रत्येक नवी मशीन आता पहिल्या दिवसापासून लक्सने (लिनक्सची डिस्क-कूटबद्धीकरणाची सोय) एन्क्रिप्ट केलेली असते. पुढे कधी एखादा तुकडा चिपमध्ये राहिला, तरी किल्लीशिवाय तो वाचता येत नाही.

ओळखल्याच जात नाहीत अशा मेलेल्या डिस्कवर यातलं काहीच चालत नाही. त्या मी फोडायलाच पाठवते, आणि एसएसडी असेल तर एकूण एक चिप फुटली का ते स्वतः बघते.